डासअळीभक्षक मासे

डासांच्या अळ्या खाणारे लहान मासे. हिवताप, हत्तीरोग, डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास रोखण्यासाठी ते विहिरी, हौद, डबकी, गटारे यांत सोडतात. महाराष्ट्रात हे काम मुख्यतः गप्पी माशाकडे आहे. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली असते आणि अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पींच्या पैदाशीची सिमेंटची टाकीही असते.

डासाची अंडी, अळी आणि कोष या तिन्ही अवस्था पाण्यात जातात. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. श्वासासाठी अळीला पाण्याच्या पृष्ठभागाशी राहावे लागते: हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीस डासाची अळी पृष्ठभागालगत आडवी पडून असते, तर क्युलेक्स (हत्तीरोगाचा डास) आणि एडिस (डेंग्यूचा डास) यांच्या अळ्या डोके खाली करून तिरक्या लोंबतात. त्यामुळे तोंड वरच्या बाजूला वळलेला, पृष्ठभागाशीच चरणारा मासा इथे उपयोगी पडतो. गप्पी नेमका तसा आहे.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि लगतच्या बेटांवरचा. त्रिनिदादहून १८६६ मध्ये रॉबर्ट गप्पी यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले, म्हणून हे नाव. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या सुमारास तो भारतात आला. मादी अंडी न घालता साधारण महिन्याकाठी थेट पिल्ले देते, त्यामुळे मूठभर माशांवरही टाकी भरते. मात्र गप्पी स्वतःचीच पिल्ले गिळतो. त्यांना लपायला जागा हवी म्हणून टाकीत पाणवनस्पती ठेवाव्या लागतात. घाण पाणी तो बऱ्यापैकी सोसतो. १९२८ मध्ये इटलीतून आणलेला गंबुशिया हा मासा अळ्या खाण्यात त्याहून खादाड, पण स्वच्छ पाण्यात रमणारा आणि भांडकुदळ. स्थानिक माशांची व बेडकांची अंडी-पिल्ले तो फस्त करतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आगंतुक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. नैसर्गिक तळ्यात वा ओढ्यात तो सोडणे म्हणजे दुखण्यापेक्षा औषध जालीम. गप्पीही तिथे निरुपद्रवी नाही.

देशी मासे हा जास्त शहाणपणाचा पर्याय. पणजीत १९८० च्या दशकात बांधकामे वाढली आणि त्यांच्या साठवणीच्या पाण्यात हिवतापाचा शहरी वाहक अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी माजला. तेव्हा गोव्यात अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी या स्थानिक माशाचा आणि अळ्या मारणाऱ्या जिवाणूचा जोडीने वापर करून पाहण्यात आला. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात १९८३ पासून डबकी बुजवणे, निचरा आणि गप्पी यांची सांगड घातली गेली. अशा एकत्रित उपायांनी हिवताप घटला तरी त्यातले किती श्रेय माशांचे, हे वेगळे काढणे कठीण. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यातही माशांमुळे काही ठिकाणी अळ्या घटल्याचे दिसले, पण हिवतापाचे रुग्ण घटल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

मासा चालतो तो कायम पाणी असलेल्या, न उपसल्या जाणाऱ्या जागी: वापरात नसलेली विहीर, बागेतला हौद, कारंजे. गावच्या पिण्याच्या विहिरीत टीसीएल पावडरचा (पाणी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरीनच्या पुडीचा) डोस जास्त झाला की मासे पोट वर करून तरंगतात. पाणी शुद्ध करणारा आणि मासे सोडणारा यांनी एकमेकांशी बोललेले बरे. डेंग्यूच्या बाबतीत गप्पीचा उपयोग आणखी तोकडा. एडिस वाढतो तो कूलरमध्ये, टायरमध्ये, फ्रीजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत. तिथे मासा सोडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सगळे ओतून, घासून कोरडे करणे हाच उपाय. त्यालाच आरोग्य खाते ‘कोरडा दिवस’ म्हणते.

माशांखेरीज इतरही भक्षक आहेत. चतुरांची पिल्ले पाण्यात अळ्या धरतात. म्यानमारमधल्या यांगोनमध्ये ती घरगुती साठवणीच्या पाण्यात सोडून पाहिली गेली. टॉक्सोऱ्हिंकायटिस हा भलामोठा डास रक्त पीत नाही आणि त्याची अळी इतर डासांच्या अळ्यांवर जगते. सर्वांत ठळक यश उत्तर व्हिएतनाममधले. तिथे गावकऱ्यांनी पाण्याच्या टाक्यांत मेसोसायक्लोप्स हे सायक्लोप्स गटातले सूक्ष्म कवचधारी जीव सोडले आणि काही गावांतून एडिस इजिप्ती नाहीसा झाला. भारतात मात्र हा जीव वेगळ्याच कारणाने बदनाम आहे. नारू या कृमिरोगाचा जंत याच सायक्लोप्सांतून माणसाच्या पोटात जात असे आणि त्यासाठी पायऱ्यांच्या विहिरी बंद करून पाण्यातले सायक्लोप्स औषध टाकून मारावे लागले. २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.