फायनलचे वळण आणि स्टॉल : पार्श्वभूमी

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरील १४-३२ या धावपट्टीवर प्रवासी जेट विमानांबरोबरच नागपूर फ्लाइंग क्लबची सेसना १५२ आणि १७२ जातीची छोटी विमानेही उतरत आली आहेत. असे छोटे विमान उतरण्यापूर्वी धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाते, मग काटकोनात वळून बेस लेगवर येते आणि आणखी एकदा काटकोनात वळून धावपट्टीच्या सरळ रेषेत, म्हणजे फायनलवर येते. हे दुसरे वळण जमिनीपासून साधारण ४०० ते ५०० फुटांवर घेतले जाते. त्या उंचीवर विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल एकाएकी गमावून, एका अंगावर कलंडले, तर सावरायला जागा उरत नाही. सेसनाच्या पुस्तिकेतच एका फेऱ्याच्या स्पिनसाठी (स्टॉल झालेले विमान गिरक्या घेत खाली पडते, त्याला स्पिन म्हणतात) आणि त्यातून बाहेर येण्यासाठी किमान १,००० फूट उंची खर्ची पडेल असे धरायला सांगितले आहे. म्हणूनच या वळणावरचा उपाय तेथे पोहोचण्याआधीच करावा लागतो, आणि ही गोष्ट उड्डाणविद्येला बऱ्याच अपघातांनंतर उमगली.

पंख समोरून येणाऱ्या हवेशी ठरावीक मर्यादेपेक्षा, बहुतेक छोट्या विमानांत साधारण १५ ते १८ अंशांपेक्षा, मोठा कोन करू लागला की वरच्या बाजूने वाहणारी हवा त्याला सोडून जाते आणि उचल एकदम घटते; यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन जोरात चालू असतानाही तो होतो आणि नाक क्षितिजाखाली झुकलेले असतानाही होतो. जर्मनीतील ग्लायडरचे प्रणेते ओटो लिलिएंथाल ९ ऑगस्ट १८९६ रोजी असाच स्टॉल होऊन सुमारे १५ मीटरवरून कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. राइट बंधूंनी त्यांच्या मृत्यूचा धसका घेतला होता, आणि आपल्या विमानाची नाक वर-खाली करणारी पाती त्यांनी पुढच्या बाजूला बसवली त्यामागे हेही एक कारण होते.

मात्र वळणातला स्टॉल ही वेगळीच डोकेदुखी आहे, हे त्यांना ओहायोतील हफमन प्रेअरीच्या कुरणात १९०४ आणि १९०५ मध्ये कळले. सरळ जाताना शहाण्यासारखे वागणारे विमान लहान वळणात मधूनच ऐकेनासे होई आणि आतल्या बाजूचा पंख वर यायचे नाव घेत नसे. सप्टेंबर १९०५ मध्ये ऑरव्हिल एका काटेरी झाडाच्या दिशेने असेच घसरत चालले होते. जमिनीवर उतरून टाकावे या विचाराने त्यांनी नाक खाली केले, आणि त्याच क्षणी विमान पुन्हा ताब्यात आले. डावा पंख झाडाच्या फांद्या तोडून गेला, पण उड्डाण चालू राहिले. वळणात पंखांना विमानाच्या वजनाखेरीज वळणाचा भारही पेलावा लागतो, त्यासाठी वेग कमी पडतो आणि नाक किंचित खाली केले की तो परत मिळतो, हा उलगडा दोघा भावांना त्यानंतर झाला. म्हणजे रोगाचे निदान आणि औषध ही दोन्ही १९०५ मध्येच हाती आली होती. पुढची शंभर वर्षे गेली ती जमीन जवळ दिसताच स्टिक (नाक वर-खाली करण्याचा दांडा) मागे ओढणाऱ्या माणसाच्या हाताला आवरण्यात.

त्या भाराचे गणित सोपे आहे. उंची न गमावता ३० अंश कलून वळले तर पंखांवर सुमारे १.१५ पट भार येतो, ४५ अंशांत १.४१ पट आणि ६० अंशांत दुप्पट. स्टॉलचा वेग या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सरळ उड्डाणात ४८ नॉटला स्टॉल होणारे विमान ४५ अंशांच्या वळणात ५७ नॉटला आणि ६० अंशांच्या वळणात ६८ नॉटला स्टॉल होते. मात्र हे आकडे उंची टिकवून धरली तरच खरे आहेत. नाक खाली जाऊ दिले, स्टिक ओढली नाही, तर तेवढा भार पंखांवर येतच नाही. आणि जमीन जवळ असताना नेमके हेच करायला मन धजत नाही.

स्टॉलनंतरच्या स्पिनमधून सुटका कशी करावी, हे आणखी काही वर्षे गूढच होते. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधील लार्कहिल येथे विल्फ्रेड पार्क यांचे ॲव्ह्रो विमान सुमारे ७०० फुटांवरून चक्राकार उतरत असताना स्पिनमध्ये गेले. त्यांनी स्टिक मागे ओढून पाहिली, इंजिनाची शक्ती वाढवली, वळणाच्याच बाजूला रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीवरचे पाते) दिला. कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी रडर उलट बाजूला पूर्ण दाबला आणि जमिनीपासून सुमारे ५० फुटांवर विमान सरळ झाले. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडेमान यांनी फार्नबरो येथे स्वतः विमान स्पिनमध्ये नेऊन मोजमापे घेतली, आणि त्याच सुमारास रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी गॉस्पोर्टच्या शाळेत अशा अवघड अवस्था टाळण्याऐवजी त्यांत मुद्दाम जाऊन बाहेर येण्याचे शिक्षण सुरू केले. हे सगळे पुरेशा उंचीवर उपयोगाचे होते. पार्क यांना मिळालेले ते ५० फूट निव्वळ नशिबाचे होते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अभियंत्यांनी उत्तर यंत्रात शोधले. पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप उघडून स्टॉल लांबवणाऱ्या हँडली पेज पट्ट्या आल्या. भारतातील वैमानिकांच्या दोन-तीन पिढ्या ज्या टायगर मॉथवर शिकल्या, त्याच्या वरच्या पंखावरही त्या होत्या. अमेरिकेत फ्रेड वाइक यांच्या एरकूप विमानात रडर एलेरॉनलाच (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेवरच्या पात्यांनाच) जोडलेला होता, पायाने दाबायचे पॅडल मुळात नव्हतेच आणि नाक वर उचलण्यावर यंत्रानेच मर्यादा घातली होती. हे विमान स्पिनमध्ये जाऊच शकत नाही, असा दाखला त्याला १९४० मध्ये मिळाला. हजारोंनी विकले जाऊनही त्याची रचना नेहमीची झाली नाही. वैमानिकांना पॅडल हवे होते, आणि आडव्या वाऱ्यात उतरताना ते खरोखर लागतेही.

पॅडलचा हाच अधिकार फायनलच्या वळणात घात करतो. समजा विमान डावीकडे वळत आहे आणि मागून येणाऱ्या वाऱ्यामुळे धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाऊ लागले आहे. जास्त कलायचे नाही, हे शिष्याच्या मनावर बिंबलेले असते, म्हणून तो कल न वाढवता डावा रडर दाबून नाक धावपट्टीकडे आणू पाहतो. त्यामुळे उजवा पंख वेगाने पुढे जातो, वर उचलला जातो आणि नको असलेला कल वाढतोच. तो थांबवण्यासाठी शिष्य योक (स्टिकच्या जागी असलेले चाक) उजवीकडे फिरवतो, त्याबरोबर डाव्या पंखाचा एलेरॉन खाली जाऊन त्या पंखाचा हवेशी होणारा कोन आणखी वाढतो. नाक खाली झुकते, शिष्य योक ओढतो, आतला डावा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान डावीकडे पाठीवर पडते. जास्त कलू नका हा नियम सुरक्षिततेसाठीच केलेला, पण रडरबद्दलची ताकीद बरोबर नसेल तर तोच शिष्याला या सापळ्यात ढकलतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लिओनार्ड ग्रीन यांच्या स्टॉलच्या इशारायंत्राने मोठी मदत केली. सेसना १५२ मध्ये तर त्याचे अगदी साधे रूप आहे : डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक, आत बाजाच्या पेटीसारखी एक स्वरपट्टी. पंखाचा कोन वाढला की भोकापाशी हवेचा दाब घटतो, हवा खेचली जाते आणि स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी केविलवाणा सूर निघू लागतो. पण भोक एकाच पंखावर असते. उजवीकडच्या वळणात रडर जास्त पडून उजवा पंख आधी स्टॉल होऊ लागला, तर डाव्या पंखावरचा हा सूर उशिरा निघू शकतो.

अमेरिकेच्या नागरी उड्डाण प्रशासनाने १९४९ मध्ये खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी स्पिनची सक्ती काढून टाकली आणि स्टॉल ओळखण्यावर व टाळण्यावर भर दिला. या निर्णयावर आजही दोन तट आहेत. फायनलच्या वळणापुरते बोलायचे तर तो मला योग्य वाटतो, कारण तेथे सुटकेचे ज्ञान वापरायला उंचीच नसते. उणीव राहिली ती दुसरीकडे. सरावातला स्टॉल सरळ उड्डाणात, नाक हळूहळू उचलून, विमान थरथरेपर्यंत वाट पाहून केला जातो, तर घात करणारा स्टॉल नाक खाली असताना, वळणात आणि जवळजवळ न सांगता येतो. पंखाचा कोन थेट दाखवणारे यंत्र नौदलाच्या विमानांत फार पूर्वीपासून आहे; छोट्या विमानांत ते बसवण्याची मंजुरी अमेरिकेत २०१४ मध्ये सोपी झाली.

नागपूरच्या हवामानात या प्रश्नाला दोन स्थानिक पदर आहेत. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर उंच आहे, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होऊन विमानाला ती सुमारे ४,९०० फुटांवरच्या हवेसारखी लागते. वेगमापकावर तोच ६५ चा आकडा दिसत असताना खरा वेग ७० नॉटच्या आसपास असतो आणि तेवढ्याच कलाने घेतलेल्या वळणाची त्रिज्या साधारण १५ टक्क्यांनी वाढते. हिवाळ्यात जेथून वळल्यावर रेष बरोबर सापडते, तेथूनच उन्हाळ्यात वळले तर विमान रेषेपलीकडे जाते. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून वाहतो तेव्हा ३२ क्रमांकाच्या बाजूने (म्हणजे वायव्येकडे तोंड करून), डाव्या फेरीने (सगळी वळणे डावीकडे घेत) उतरणाऱ्याचा बेस लेग ईशान्येकडे जातो. म्हणजे वारा पाठीमागून ढकलतो आणि रेष ओलांडण्याची शक्यता वाढते. दोन्ही वेळा बेसचे वळण धावपट्टीपासून थोडे दूर ठेवून फायनलचे वळण लवकर सुरू करणे, एवढाच इलाज आहे. मागून जेट येत असेल तर फेरी आखडती घेण्याचा मोह होतो, पण सुमारे ३,२०० मीटरच्या धावपट्टीवर काहीशे मीटरांत थांबणाऱ्या सेसनाला तिच्या टोकापाशीच रेषेत येण्याची घाई नसते. ३० अंशांच्या आत, रडर न दाबता रेष साधत नसेल, तर ती ओलांडू द्यावी, पंख सरळ करावेत, पूर्ण शक्ती द्यावी आणि टॉवरला गो-अराउंड (उतरणे रद्द) कळवून पुन्हा फेरी मारावी.