पिवळी माल्टाची, करडी गोझोची

जुन्या बसगाड्यांचे फोटो जमवणाऱ्यांकडे भूमध्य समुद्रातली एक बस हमखास सापडते. नाक गोलसर, समोर क्रोमची झगझगीत जाळी, दार सताड उघडं, चालकाच्या डोक्यावर कुठल्यातरी संताची तसबीर. फोटोखाली लिहिलेलं असतं, 'माल्टाची बस'. बऱ्याचदा ते बरोबर असतं. पण बसचा रंग करडा असेल आणि अंगावरून लाल पट्टा गेलेला असेल, तर ती गोझोची.

आता कुणी म्हणेल, गोझो म्हणजे माल्टाच की. कागदोपत्री खरं आहे. माल्टा हा देश माल्टा, गोझो आणि इवलंसं कोमिनो अशा तीन बेटांवर वसलाय. पण हे गोझोकराला तोंडावर सांगून बघा! त्याच्या बेटाचं त्याच्या भाषेतलं नावसुद्धा वेगळं आहे, 'आउदेश'. माल्टा बेट सुमारे २४६ चौरस किलोमीटरचं, तर गोझो अवघं ६७, म्हणजे आपल्या मुंबई शहर जिल्ह्याएवढं. त्या जिल्ह्यात लाखो माणसं राहतात. गोझोत या बस धावत होत्या तेव्हा लोकवस्ती तीस-एक हजारांची होती. मध्ये पाचेक किलोमीटरची खाडी आहे आणि ती ओलांडायला बोट. दोन्हीकडच्या बसमधला खरा फरक या बोटीशी येऊन थांबतो. रंग हा त्यातला सोपा भाग, म्हणून आधी तोच उरकू.

पिवळी ती माल्टाची, करडी ती गोझोची, एवढं पाठ करून पुष्कळ जण थांबतात. नियम चुकीचा नाही, फक्त त्याची मुदत फार थोडी आहे. माल्टाची बस पिवळी झाली १९९५ साली आणि रस्त्यावरून गेली २०११ साली, म्हणजे पिवळेपणाची वर्षं जेमतेम सोळा. माल्टात बस धावायला लागली ती मात्र १९०५ पासून. १९९५ च्या आधीची दोनेक दशकं तिथल्या सगळ्या बस हिरव्या होत्या, आणि त्याच्याही आधी ज्या मार्गावर बस धावे त्या मार्गाचा रंग तिच्या अंगावर असे. अमक्या गावाची बस या रंगाची, तमक्या गावाची त्या रंगाची, पाटी वाचायची गरजच नाही. लांबूनच कळायचं की आपली आली. १९७० च्या दशकात सगळ्यांना एकच हिरवा रंग फासला गेला, तेव्हा ही सोय गेली.

त्यामुळे एखाद्या जुन्या फोटोत हिरवी बस दिसली आणि ती पिवळी नाही म्हणून तुम्ही ती गोझोच्या खात्यात टाकली, तर फसलात. करडा रंग आणि लाल पट्टा अशी जोडी असेल तरच गोझोचा विचार करायचा. हिरवी, पिवळी किंवा जुनी रंगीबेरंगी दिसली तर माल्टा. एवढ्यावर निम्मं काम होतं.

उरलेल्या निम्म्यात लोक यंत्राच्या मागे लागतात आणि तिथे हाती काही लागत नाही. समोरच्या जाळीवर 'बेडफर्ड' लिहिलंय की 'लेलँड', यावरून बेट ओळखता येत नाही. दोन्हीकडच्या गाड्या आल्या त्या ब्रिटनमधूनच. बेट ब्रिटिशांच्या ताब्यातलं, रस्त्याची डावी बाजू धरून चालायची पद्धत त्यांचीच. माल्टा स्वतंत्र झालं १९६४ मध्ये आणि ब्रिटिश फौज तिथून हलली १९७९ च्या मार्चअखेरीस. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे जुने ट्रक स्वस्तात मिळायचे. त्यांची चेसिस, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, घ्यायची आणि वर स्थानिक कारागिराकडून बॉडी चढवून घ्यायची, असा धंदा तिथे चांगलाच रुजला. आक्विलिना, बार्बारा, ब्रिंकात, देबोनो ही त्या बॉडी बांधणाऱ्यांची नावं.

चेसिस एकाची आणि बॉडी दुसऱ्याची, हे आपल्याला नवं नाही. आपल्या एसटीच्या कितीतरी गाड्या अशोक लेलँडच्या चेसिसवर दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या कार्यशाळेत उभ्या राहिल्या. त्यातलं 'लेलँड' आलं इंग्लंडमधल्या त्याच कंपनीकडून, जिच्या गाड्या माल्टात धावत होत्या. फरक असा की एसटीची बॉडी एका आराखड्याबरहुकूम निघते आणि शंभर गाड्या सारख्या दिसतात. माल्टात मात्र गाडीगणिक नाक वेगळं. एकाला दिवे जवळजवळ हवेत, दुसऱ्याला जाळी रुंद हवी, तिसऱ्याला टपाखाली नक्षी काढून हवी. इंजिन दमलं की वेगळ्याच कंपनीचं इंजिन आत बसायचं, पण नाकावरचं नाव जुनंच राहायचं. कधी नुसतं आवडलं म्हणून भलत्याच कंपनीचं नाव लावून घ्यायचे. म्हणून बिल्ल्यावर विश्वास ठेवू नये. तो इंजिनाची जात सांगेलच असं नाही, बेट तर नाहीच नाही.

या गाड्या पन्नास-पन्नास वर्षं टिकल्या कशा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीचं पोट खातं. माल्टाला ती भानगड नाही. अंतरं छोटी, रस्ते अरुंद, त्यामुळे वेगही बेताचा. पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. बस चालकाच्या मालकीची होती. स्वतःच्या गाडीचा खडखडाट माणसाला झोपू देत नाही.

आणि माल्टाची बस समजून घ्यायची ती इथून. १९७७ साली बसमालकांची संघटना उभी राहिली आणि वेळापत्रक तिच्या हातात आलं, पण गाड्या ज्याच्या त्याच्याच राहिल्या. अखेरच्या काळात त्यांची संख्या पाचशेच्या वर होती, आणि एवढ्या गाड्यांना पुरेल इतकं रोजचं काम बेटावर नव्हतं. मग वाटणी ठरली: आज निम्म्या गाड्या मार्गावर, उद्या उरलेल्या निम्म्या. मार्गावरचा दिवस संपला की दुसऱ्या दिवशी गाडी धुवायची, क्रोम घासायचं, जमलं तर शाळेची किंवा सहलीची खेप मारायची.

ही घासपूस दिसायची राजधानी व्हॅलेटाच्या वेशीबाहेर. तिथे ट्रायटनांचं मोठं कारंजं आहे, १९५९ चं. अर्धा मासा, अर्धा माणूस असे तीन समुद्रदेव डोक्यावर मोठी परात तोलून धरतात, आणि त्यांच्याभोवती गोल रिंगणात पिवळ्या बस उभ्या असायच्या. बेटावरचे जवळपास सगळे मार्ग इथेच येऊन मिळायचे. एका गावाहून शेजारच्या गावाला जायचं तरी आधी व्हॅलेटा गाठा आणि गाडी बदला, अशी गत. रिंगणात आपली बस शोधायची, चढताना चालकाच्याच हातात पैसे टेकवायचे, कंडक्टर नाही. १ जानेवारी २००८ ला युरो आला तेव्हा जुन्या माल्टी लिरातलं वीस सेंटांचं तिकीट सत्तेचाळीस युरोसेंटांचं झालं. हिशोब तंतोतंत, फक्त सुट्ट्या पैशांची कटकट वाढली.

उतरायचं असेल तर छताखालची दोरी ओढायची, की पुढे घंटा वाजायची. आपल्याकडे ती दोरी कंडक्टरची, प्रवाशाने हात लावला तर बोलणी खावी लागतात. तिथे ती उघड उघड प्रवाशांसाठीच होती. चालकाभोवती छोटा देव्हारा असायचा: मेरीमातेचं चित्र, गावच्या संताची मूर्ती, झालरी, फुलं. गाडीच्या अंगावर हाताने रंगवलेली वळणदार अक्षरं आणि वेलबुट्टी, तिला माल्टी भाषेत 'त्बेरफिल' म्हणतात. आपल्या ट्रकांमागची रंगकला ज्यांना आवडते त्यांना हे बघताक्षणी कळेल.

माल्टाच्या चालक-मालकांचा दबदबा केवढा होता, त्याचा एकच किस्सा पुरे. जुलै २००८ मध्ये बेटावरच्या बस बंद पडल्या. कारण बसचं नव्हतंच. सरकारने शववाहिकांचा धंदा सगळ्यांना खुला करायचं ठरवलं होतं आणि वाहतूकवाल्यांच्या महासंघाला ते मंजूर नव्हतं. शववाहिकेसाठी बस, टॅक्सी सगळेच रस्त्यात आडवे. माणूस गेला तरी वाहतूकवाल्यांच्या तावडीतून सुटत नाही, असं तिथल्या कुणी म्हटलं नसेल तर मला नवल वाटेल.

आता बोटीने पलीकडे चला. माल्टाच्या उत्तर टोकाला चिरकेव्वा, तिथून बोट सुटते आणि पंचवीसेक मिनिटांत गोझोच्या इम्जार बंदराला लागते. जाताना तिकीट कुणी विचारत नाही, भाडं गोझोहून परत निघताना घेतात. (बेटावर गेलेला माणूस कधी ना कधी परतणारच, हा हिशोब मला फार आवडतो.) तेव्हा बंदरात बोट लागली की धक्क्यापाशी करड्या रंगाची बस उभी असायची, पंचवीस नंबरची, मुख्य गावाला जाणारी. त्या गावाला १८८७ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 'व्हिक्टोरिया' नाव दिलं गेलं. गोझोकर अजून 'रबात'च म्हणतात.

ही पंचवीस नंबरची बस वेळापत्रकाला नव्हे, बोटीला बांधलेली असायची. समुद्र खवळला, बोट उशिरा आली, की बसही थांबून. चालक बाहेर कठड्यावर गप्पा मारत बसलेला. बोटीतून लोक उतरले, बस भरली, टेकडी चढून रबातला गेली, बंदर पुन्हा मोकळं. रबातच्या स्थानकातून गावोगावच्या बस निघायच्या: श्लेंदीला, मार्साल्फोर्नला, नदुरला. नकाशावर हे अगदी व्हॅलेटासारखंच दिसतं, मध्ये एक ठिकाण आणि भोवती फाटे. पण कारंज्याभोवतीची ती धावपळ इथे औषधालाही नव्हती. फेऱ्या मोजक्या आणि संध्याकाळी लवकर आटपणाऱ्या. शेवटची गाडी चुकली तर चालत जायचं, नाहीतर कुणाची गाडी हात दाखवून थांबवायची.

तीस हजार वस्तीच्या बेटावर मार्गावरच्या तिकिटांवर बसमालकाचं घर कसं चालणार? म्हणून गोझोच्या गाड्यांना पोरांच्या शाळेच्या फेऱ्या होत्या, पर्यटकांच्या सहली होत्या. माल्टात मार्ग हा मुख्य धंदा आणि बाकीचं जोडकाम. गोझोत मार्गाची फेरी इतर कामांच्या मधल्या वेळात बसवलेली वाटायची. सकाळी शाळेत पोरं सोडून आलेली बस थोड्या वेळाने बंदरात बोटीची वाट बघत असे. माल्टाची बस गर्दीच्या मागे धावली, गोझोची पाण्याकडे डोळे लावून बसली. एकच चेसिस, कधी तर एकाच कारागिराची बॉडी, पण आयुष्य निराळं.

दोन्हीकडचे लोक बसला नाव मात्र एकच देतात: 'शाराबांक'. फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून माल्टीत आलेला शब्द, मूळ अर्थ बाकं टाकलेली गाडी. जरा रीतसर बोलायचं तर 'कारोत्सा ताल-लिन्या', लाइनची गाडी.

३ जुलै २०११ ला माल्टाच्या रस्त्यांवरून पिवळ्या गाड्या उठल्या. सरकारने मालकांना परवान्यांची भरपाई दिली आणि बससेवा 'अराइव्हा' या ब्रिटिश कंपनीकडे गेली. नव्या गाड्या दोन्ही बेटांवर एकाच रंगाच्या, समुद्री निळसर-हिरवा आणि फिकट पिवळट. पिवळी-करडी हा भेद तिथेच मिटला. लंडनहून आणलेल्या लांबलचक, मधोमध वाकणाऱ्या बस त्या अरुंद रस्त्यांवर घुसवायचा प्रयोगही झाला. त्यांतल्या काहींना आगी लागल्या आणि २०१३ मध्ये त्या काढून घेतल्या. २०१४ च्या सुरुवातीला कंपनीच गेली. जुन्या चालकांना तेव्हा काय वाटलं असेल, ते लिहायची गरज नाही.

जुन्या गाड्यांपैकी पुष्कळ मोडीत निघाल्या, काही हौशी लोकांनी आणि वारसा जपणाऱ्यांनी वाचवल्या. आणि इथे ओळखीचा घोळ पुन्हा नव्याने सुरू होतो. जपलेल्या गाडीला नवा मालक त्याच्या आवडीचा रंग देतो, बहुतेक वेळा १९७० च्या आधीचा, मार्गाचा. म्हणजे आजच्या फोटोत एखादी लालचुटूक बस दिसली तर ती शेवटी पिवळी होऊन थांबलेली असू शकते. तिच्या रंगावरून कळते ती मालकाची हौस.

म्हणून फोटो जुना असो की नवा, मी आधी बसकडे बघत नाही, तिच्या मागे बघतो. कारंजं असेल तर प्रश्नच नाही. बोट असेल तर मात्र घाई करू नका, कारण चिरकेव्वाच्या धक्क्यावरही बोटीसमोर पिवळ्या बस उभ्या राहायच्या. बोटीच्या वर, टेकडीच्या कडेला टोकदार शिखराचं लूर्दमातेचं चर्च दिसतंय का पाहा. दिसत असेल, बस करडी असेल आणि आत अजून एकही माणूस नसेल, तर ती इम्जारला उभी आहे. बोट लागायला थोडा वेळ आहे.