नियामक तक्रारी आणि बिलांचे ऑडिट : अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांचा बचाव

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञाला व्यवसायाचा परवाना देते ते त्या-त्या राज्याचे मंडळ, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार आली तर चौकशीही तेच करते. बिलांचे ऑडिट ही वेगळी कारवाई. ती पैसे मोजणारा करतो, म्हणजे मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा), मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) किंवा खासगी विमा कंपनी. मंडळाला पाहायचे असते की हा माणूस वागला कसा; ऑडिटरला हवी असतात मिनिटे. साक्षीदार मात्र दोन्हीकडे एकच : क्लायंटची फाइल. ती बहुधा कितीतरी महिने आधी, दोन सत्रांच्या मधल्या दहा मिनिटांत घाईघाईने लिहिलेली असते.

तक्रार आल्यावर

तक्रार क्लायंटच करतो असे नाही. नातेवाईक, सहकारी, विमा कंपनी, कोणीही करू शकते. घटस्फोटाच्या दाव्यात मूल आईकडे राहावे की वडिलांकडे, याबद्दल कोर्टासाठी अहवाल देणारे मानसशास्त्रज्ञ या बाबतीत सर्वांत जास्त धोक्यात असतात. अहवाल विरोधात गेलेला पालक आधी कोर्टात हरतो आणि मग मंडळाकडे जातो.

नोटीस वाचताच हात फोनकडे जातो. तक्रारदाराशी बोलून गैरसमज दूर करावा असे वाटते. बोलून गुंता सोडवणे हेच यांचे रोजचे काम. पण नेमका हाच फोन पुढे ‘दबाव आणला’ म्हणून फाइलीला जोडला जातो. पहिला फोन करायचा तो व्यावसायिक जबाबदारीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीला. अनेक पॉलिसींत मंडळापुढील बचावाच्या खर्चाची वेगळी तरतूद असते, मात्र ती मुख्य रकमेच्या मानाने बरीच लहान असते, आणि वेळेत कळवले नाही तर तीही हातची जाण्याची भीती असते. दुसरा फोन वकिलाला, तोही परवाना मंडळांपुढची कामे चालवणाऱ्या. सहकाऱ्यांजवळ मन मोकळे करणेही जपूनच, कारण त्या गप्पांना वकिलाशी झालेल्या बोलण्यासारखे संरक्षण नसते.

मुदत नोटिशीतच दिलेली असते. ती वाढवून हवी असेल तर लेखी मागावी. गप्प बसणे हा पर्याय नाही : अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेनुसार नैतिक चौकशीला सहकार्य न करणे हाच स्वतंत्र नियमभंग ठरतो, आणि मंडळेही उत्तर न देणे गंभीरपणे घेतात. उत्तर तारीखवार असावे, प्रत्येक आरोपाला वेगळे असावे, विचारले तेवढेच असावे. संमतिपत्र कधी घेतले, फी आणि गोपनीयतेच्या मर्यादा कधी सांगितल्या, अडचणीच्या वेळी कोणाचा सल्ला घेतला, हे कागदासह दाखवता आले तर निम्मे काम होते. तक्रारदाराचेच निदान करण्याचा मोह मात्र हटकून होतो. ‘यांना पूर्वीपासून संशयी वृत्तीचा त्रास आहे’ असे एक वाक्य बचावाऐवजी मंडळाला नवा पुरावाच पुरवते.

गोपनीयतेचा पेच इथे खरा आहे. १९९६ च्या जॅफी विरुद्ध रेडमंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयांपुरता मानसोपचारातील संवादाला विशेषाधिकार मान्य केला, म्हणजे तो संवाद उघड करण्याची सक्ती तिथे करता येत नाही. त्याच वर्षीच्या हिपा (HIPAA) या आरोग्यविम्याच्या कायद्याखालील गोपनीयतेचे नियम नियामक संस्थेला माहिती देऊ देतात, पण राज्याचा कायदा अधिक कडक असू शकतो. म्हणून क्लायंटऐवजी तिसऱ्याच कोणी तक्रार केली असेल, तर फाइल उचलून पाठवण्यापूर्वी वकिलाला विचारणे भाग असते.

प्रकरण मिटवण्यासाठी मंडळ अनेकदा समझोत्याचा आदेश पुढे करते. थकलेला माणूस सही करतो. असा आदेश सहसा सार्वजनिक होतो आणि आरोग्य व्यावसायिकांवरील कारवायांची नोंद ठेवणाऱ्या, १९९० पासून चालू असलेल्या नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेतही त्याची नोंद जाऊ शकते. मग दुसऱ्या राज्यात परवाना मागताना किंवा विमा कंपनीच्या यादीत नाव घालताना तो पुन्हा समोर येतो.

बिलांचे ऑडिट

मानसोपचाराच्या सत्रांचे सध्याचे बिलिंग कोड २०१३ पासून चालू आहेत. ९०८३२ म्हणजे १६ ते ३७ मिनिटे, ९०८३४ म्हणजे ३८ ते ५२, आणि ९०८३७ म्हणजे ५३ मिनिटे किंवा अधिक. समजा, नोंदीत ‘१०:०२ ते १०:५६’ असे आहे. ५४ मिनिटे झाली, ९०८३७ बरोबर. ‘१०:०५ ते १०:५५’ असेल तर पन्नासच मिनिटे होतात आणि तोच कोड चुकीचा, म्हणजे जास्तीचे बिल. ‘एक तास’ एवढेच लिहिले असेल तर ऑडिटरशी वाद घालायला हातात काहीच उरत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे नकलून चिकटवलेल्या नोंदी. ‘क्लायंट चिंताग्रस्त. आधारात्मक उपचार दिले. पुढे चालू.’ हेच बारा आठवडे बारा वेळा. उपचार खरोखर झाले असतीलही, पण ते वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होते हे अशा कागदावरून सिद्ध होत नाही. लक्षणे कोणती, उपचारयोजनेतल्या कोणत्या उद्दिष्टावर काम झाले, काय बदलले, हे दोन-तीन ओळींत आले तरी पुरते.

हिपाच्या नियमांत सत्रातील संभाषणाच्या खासगी टिपणांना वेगळे संरक्षण आहे, पण ती मुख्य फाइलीपासून अलग ठेवलेली असतील तरच. सत्राची सुरुवात व शेवट, निदान, उपचारयोजना, प्रगती या गोष्टी त्या संरक्षणात येत नाहीत. त्या मुख्य फाइलीतच हव्यात. सगळे एकाच वहीत लिहिणारा ऑडिटच्या वेळी दोन्हीकडून अडकतो.

मेडिकेअरने काढलेली वसुली मान्य नसेल तर अपिलाचे पाच टप्पे आहेत आणि शेवटचा फेडरल जिल्हा न्यायालयाचा. पहिल्या अपिलाला १२० दिवस मिळतात. पण मागणीपत्रापासून ३० दिवसांत अपील केले तर वसुली तूर्त थांबते, आणि बारीक अक्षरातली ही मुदत महागात पडणारी आहे. चुकांचे प्रमाण मोठे दिसले तर थोड्या फाइलींचा नमुना तपासून त्यातली टक्केवारी सगळ्या बिलांना लावली जाते. त्यामुळे काही शे डॉलरची चूक लाखांची मागणी होऊन येते. अशा वेळी नमुना कसा निवडला यालाच आव्हान देण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ लागतो. जाणूनबुजून खोटे बिल केल्याचे दिसले तर १८६३ चा फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट लागू होतो आणि नुकसानीच्या तिप्पट रक्कम व वर दंड भरावा लागतो. उलट, जास्तीचे पैसे आले हे स्वतःच्याच लक्षात आले, तर मेडिकेअरला ते ६० दिवसांत परत करायचे असतात.

मागाहून केलेली दुरुस्ती

परवाने जातात ते पुष्कळदा मूळ चुकीपेक्षा तिच्यावर पांघरूण घालताना. नोटीस आल्या रात्री जुनी नोंद ‘जरा नीट’ करणे ही सर्वांत महाग चूक. संगणकीय नोंदप्रणालीत प्रत्येक बदलाची वेळ राहते, त्यामुळे मार्चमधले सत्र ऑक्टोबरमध्ये कोणी उघडले हे लपत नाही. राहून गेलेले लिहायचेच असेल तर ‘उशिराची नोंद’ म्हणून, आजची तारीख आणि सही घालून, मूळ मजकुराला हात न लावता लिहावे.

भारतातील स्थिती

भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषद करते, आणि तिला नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार राज्य प्राधिकरणाकडेही त्यांची नोंदणी आणि सेवेतील उणिवांच्या तक्रारी येतात. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण द्यावे, असे हाच कायदा सांगतो. तरी पुण्या-मुंबईत समुपदेशनाची फी बहुतेक जण स्वतःच्या खिशातून भरतात, त्यामुळे मिनिटांचा हिशेब मागणारा ऑडिटर इथे सहसा भेटत नाही.