सौंदर्यप्रसाधन दालनाचा स्टोअर मॅनेजर

साखळी दुकानांच्या एका शाखेतील विक्री, साठा, रोकड आणि कर्मचारी यांची जबाबदारी असलेले पगारी पद. भारतात ते या व्यवसायात उशिरा रुजले. लॅक्मे १९५२ पासून बाजारात असली, तरी प्रसाधने दीर्घकाळ विकली गेली ती जनरल स्टोअर आणि नॉव्हेल्टीच्या दुकानांतून. पुण्याच्या तुळशीबागेतला दुकानदार आजही स्वतः गल्ल्यावर बसतो; कोणता माल भरायचा आणि गिऱ्हाइकाला किती सोडायचे, हे तोच ठरवतो. मॉलमधल्या मॅनेजरकडे यातले फारसे काही नसते. भाव, ऑफर, कोणत्या फळीवर कोणता ब्रँड लागणार, सारे मुख्यालयातून येते. २०१२ मध्ये ऑनलाइन सुरू झालेल्या नायकाने पुढे दुकाने उघडली, रिलायन्सने २०२३ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टिराचे पहिले दालन थाटले, आणि या पदाला मागणी वाढली.

कामाची खरी गुंतागुंत माणसांत आहे. अनेक ब्रँड एकत्र विकणाऱ्या दालनात उभ्या असलेल्या ब्यूटी अ‍ॅडव्हायझरपैकी, म्हणजे ग्राहकाला प्रसाधने सुचवून विकणाऱ्यांपैकी, बऱ्याच जणी दालनाच्या नोकरीत नसतात. त्यांचा पगार आणि इन्सेंटिव्ह ब्रँड किंवा त्याने नेमलेली एजन्सी देते. मॅनेजरने त्यांच्या पाळ्या लावायच्या, भांडणे मिटवायची, पण पगारवाढ त्याच्या हातात नाही. तेलकट त्वचेच्या ग्राहकाला शेजारच्या ब्रँडचे फाउंडेशन शोभत असले, तरी अ‍ॅडव्हायझर आपलेच पुढे करते, कारण तिचे टार्गेट त्या ब्रँडचे असते. दालनाला मात्र तो ग्राहक पुन्हा यायला हवा असतो. ही ओढाताण कोणत्याही नियमपुस्तिकेने सुटत नाही; बहुतेक मॅनेजर स्वतः अ‍ॅडव्हायझर म्हणून सुरुवात करून वर आलेले असतात, त्याचा उपयोग इथे होतो.

साठ्याचे काम चिवट आहे. एकाच लिपस्टिकच्या डझनावारी शेड असतात. चालणारी शेड संपते, न चालणारी पडून राहते. मुदत आधी संपणारा माल पुढे लावावा लागतो. वस्तू लहान आणि महाग असल्याने चोरी सोपी, म्हणून अत्तरे व लिपस्टिक वरचेवर मोजतात. टेस्टर, म्हणजे ग्राहकाने लावून पाहायचा नमुना, विकता येत नाही आणि तो अस्वच्छ राहिला तर संसर्गाची भीती असते. मस्काऱ्यासाठी एकदाच वापरायचे ब्रश ठेवतात.

शनिवार-रविवार गर्दीचे, त्यामुळे साप्ताहिक सुट्टी बहुधा आठवड्याच्या मधल्या दिवशी पडते. दिवाळीआधी आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लगीनसराईत तीही लांबणीवर पडू शकते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षभर उघडे ठेवण्याची मुभा दिली. मात्र रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक ठरवली. पाळ्यांचा तक्ता आखताना मॅनेजरला हे आधी पाहावे लागते. दिवसभर उभे राहणे हा या कामातला जुना त्रास. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले.