सर्टिफिकेट मिळालं, पण दारावर लागलं का?

३१ अधिक १५ अधिक १, बरोबर ४७. सर्वांत मोठा महिना ३१ दिवसांचा, त्यावर अर्ध्या महिन्याची सवड आणि वर एक दिवस हाताशी. वेबसाइटचं टीएलएस सर्टिफिकेट (ब्राउझर आणि साइट यांच्यातली जोडणी सुरक्षित करणारं ओळखपत्र) जास्तीत जास्त किती दिवस चालू शकेल, याचं उत्तर १५ मार्च २०२९ पासून एवढंच असणार आहे. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांचा सीए-ब्राउझर फोरम नावाचा एक सामाईक मंच आहे. त्याने एप्रिल २०२५ मध्ये हा ठराव मंजूर केला. प्रस्ताव अ‍ॅपलचा होता. काही जण तटस्थ राहिले, पण विरोधात एकही मत पडलं नाही. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली: १५ मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १०० आणि शेवटी ४७. त्याआधीची मर्यादा सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवसांची होती, तिच्याआधी २०१८ पासून ८२५ दिवसांची. आणखी मागे गेलं तर पाच-पाच वर्षांची सर्टिफिकेटंही मिळायची.

वर्षातून एकदा येणारं काम माणूस कॅलेंडरवर खूण करून कसंबसं निभावून नेतो. पण ४७ दिवसांचं सर्टिफिकेट अगदी शेवटच्या दिवसापर्यंत कोणी ताणत नाही. थोडं आधीच बदलायचं म्हटलं, की ते काम जवळपास दरमहा आलं. एखाद्या संस्थेकडे अशी शंभर सर्टिफिकेटं असतील, तर रोज तीन-चार बदलावी लागतील, तीही रविवार-सुट्टी न पाहता. हे हाताने होणार नाही, हे ठराव मांडणाऱ्यांना चांगलंच ठाऊक होतं. किंबहुना तोच त्यांचा हेतू होता, असं मला वाटतं. विनंती करून लोक स्वयंचलन स्वीकारत नाहीत. पर्यायच उरला नाही की स्वीकारतात.

पण मुदत इतकी कमी करायची गरज का पडली?

सर्टिफिकेट म्हणजे एक छोटी फाइल. तिच्यात वेबसाइटचं नाव किंवा नावं असतात, एक सार्वजनिक की (सर्वांना दिसणारी डिजिटल किल्ली) असते, 'या क्षणापासून त्या क्षणापर्यंत' अशा दोन वेळा असतात आणि खाली सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. सार्वजनिक कीची जोडीदार असलेली खासगी की फक्त वेबसाइटकडे असते. ब्राउझर जोडणी करताना सही तपासतो, नाव जुळतं का बघतो, समोरच्याकडे खासगी की खरोखर आहे याची खात्री करतो आणि घड्याळ पाहतो. ठरलेला क्षण उलटून गेला असेल, तर पानाच्या जागी इशारा येतो. सर्टिफिकेट एक सेकंद आधी चांगलं होतं, ही सबब चालत नाही.

खासगी की चोरीला गेली तर? कागदोपत्री उपाय आहे: सर्टिफिकेट रद्द करायचं. व्यवहारात तो उपाय नेहमीच लंगडा राहिला. ब्राउझरने दर वेळी संस्थेच्या सर्व्हरला 'हे अजून चालू आहे ना?' असं विचारावं, अशी एक पद्धत होती. पण तो सर्व्हर उत्तर देत नसेल, तर ब्राउझर गप्प बसून पुढे जायचे, कारण नाहीतर त्या एका सर्व्हरपायी अर्धं इंटरनेट अडलं असतं. आणि जो हल्लेखोर तुमची जोडणी मधे अडवू शकतो, तो ही विचारणाही अडवणारच! शिवाय तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे त्या संस्थेला कळायचं, ते वेगळंच. लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये ही सेवाच बंद केली. रद्द करण्याचा भरवसा नसेल, तर हातात एकच गोष्ट उरते: सर्टिफिकेट लवकर आपोआप मरू द्यायचं. आखूड मुदतीमागचं तर्कशास्त्र एवढंच आहे.

लेट्स एन्क्रिप्टचं नाव आलंच आहे. ही ना-नफा संस्था डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि तिने पहिल्यापासून ९० दिवसांचीच सर्टिफिकेटं दिली, तीही फुकट. पण फुकट असण्यापेक्षा मोठं काम वेगळं होतं. सर्टिफिकेट मागण्याची आणि देण्याची संपूर्ण देवाणघेवाण यंत्रांनी आपापसांत उरकावी, यासाठी तिने अ‍ॅक्मी नावाची संभाषण-पद्धत घडवली. मार्च २०१९ मध्ये ती आरएफसी ८५५५ या क्रमांकाने इंटरनेटचं प्रमाणित मानक झाली. तुमचा प्रोग्राम म्हणतो, 'मला या नावाचं सर्टिफिकेट हवं.' संस्था एक यादृच्छिक अक्षरमाळ देते आणि म्हणते, 'ते नाव तुझ्या ताब्यात असेल, तर ही अमुक ठिकाणी ठेवून दाखव.' प्रोग्राम ती ठेवतो, संस्था येऊन बघते, पटलं की सही करून देते. सगळा व्यवहार बहुधा मिनिटाच्या आत संपतो.

एकच सर्व्हर असेल, तर गोष्ट इथे संपली. मोठ्या साइटच्या पुढे मात्र लोड बॅलन्सर उभा असतो, आणि इथेच घोडं पेंड खातं.

लोड बॅलन्सर म्हणजे अनेक सर्व्हरांच्या घरापुढचं एकमेव दार. येणारी प्रत्येक विनंती त्याच्याकडे येते आणि तो ती मागच्या दहा-वीस सर्व्हरांपैकी एकाकडे धाडतो. बहुतेक ठिकाणी टीएलएसची जोडणीही तिथेच संपते. म्हणजे ब्राउझरला दिसणारं सर्टिफिकेट आणि त्याची खासगी की लोड बॅलन्सरकडे हवी. मागच्या सर्व्हरांकडे असून उपयोग नाही.

आता मागच्या एका सर्व्हरवरच्या प्रोग्रामने सर्टिफिकेट मागितलं आणि मिळालेली अक्षरमाळ आपल्या डिस्कवरच्या ठरलेल्या पत्त्यावर ठेवली, असं समजा. संस्था बघायला येते, ती लोड बॅलन्सरवर. तो तिला पाठवतो शेजारच्या सर्व्हरकडे, जिथे ती अक्षरमाळ नाही. उत्तर मिळतं ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', तपासणी नापास. त्यातच फेब्रुवारी २०२० पासून लेट्स एन्क्रिप्ट ही तपासणी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी करते, कारण इंटरनेटचे मार्ग वळवून एकाच ठिकाणाला फसवणं शक्य असतं. त्यामुळे एखादी विचारणा नशिबाने योग्य सर्व्हरवर पडली, तरी बाकीच्या पडतीलच असं नाही. चाचणीच्या मांडणीत सर्व्हर एकच असतो, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालतं आणि खऱ्या मांडणीत कधी पास, कधी नापास असा लपंडाव सुरू होतो. टीएलएसच्या जोडणीतूनच नावाचा ताबा सिद्ध करण्याचीही एक पद्धत आहे, पण जोडणी दारातच संपत असल्याने ती मागच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.

म्हणून लोड बॅलन्सरसाठी सरळ वाट डीएनएसची, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या नोंदवहीची. अक्षरमाळेपासून काढलेला हॅश (गणिताने काढलेला ठसा) त्या नावाच्या डीएनएस नोंदीत टाकायचा. संस्था ती नोंद वाचते, सर्व्हरांशी तिचा संबंधच येत नाही. एका मूळ नावाखालच्या सगळ्या उपनावांना चालणारं वाइल्डकार्ड सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून हवं असेल, तर हाच एक मार्ग आहे. पण त्यासाठी प्रोग्रामच्या हाती डीएनएस बदलण्याचा अधिकार द्यावा लागतो, आणि तो अधिकार चुकीच्या हाती गेला तर साइटची सगळी वाहतूक दुसरीकडे वळवता येते. सर्टिफिकेटची खासगी की जपण्यासाठी आटापिटा करायचा आणि त्याहून मोठ्या अधिकाराचं टोकन (पासवर्डसारखी गुप्त अक्षरमाळ) कुठल्यातरी स्क्रिप्टमध्ये उघडं ठेवायचं, असा उफराटा प्रकार सर्रास दिसतो. चांगला तोडगा असा, की तपासणीची तेवढी एक नोंद सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) वापरून डीएनएसच्या वेगळ्या, बिनमहत्त्वाच्या विभागाकडे, म्हणजे झोनकडे, वळवायची आणि प्रोग्रामला फक्त त्या झोनची परवानगी द्यायची.

क्लाउड कंपन्यांनी यातलं बरंचसं काम स्वतःच्या अंगावर घेतलं आहे. अ‍ॅमेझॉनची सर्टिफिकेट मॅनेजर सेवा जानेवारी २०१६ मध्ये आली. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्येही तशा सोयी आहेत. तुम्ही एक सीनेम नोंद एकदा करून ठेवायची. पुढची मागणी, तपासणी आणि लोड बॅलन्सरवर बसवणं ते बघतात. कुबरनेटिस (अनेक सर्व्हरांवर प्रोग्राम चालवणारी प्रणाली) वापरणाऱ्यांसाठी सर्ट-मॅनेजर नावाचा प्रोग्राम हेच काम करतो. मी म्हणेन, जमत असेल तिथे हेच वापरावं. पण त्यातही दोन खड्डे आहेत. पहिला: बाहेरून आणून त्या सेवेत चढवलेलं सर्टिफिकेट ती आपोआप रिन्यू करत नाही, पण यादीत ते बाकीच्यांच्या शेजारीच बसतं, त्यामुळे तेही सांभाळलं जात असल्याचा समज होतो. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. डीएनएसची साफसफाई करताना कोणाला ती अगम्य अक्षरांची सीनेम नोंद दिसते. ही कसली, कोणी टाकली, कोणालाच आठवत नाही, म्हणून ती उडवली जाते. त्या दिवशी काहीच बिघडत नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. बिघडतं ते काही महिन्यांनी, रिन्यू करायची वेळ आल्यावर, आणि तोवर साफसफाई करणारा माणूस दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो.

आणि सर्टिफिकेट मिळणं हे अर्धंच काम आहे. नवी फाइल डिस्कवर आली, लॉगमध्ये 'यशस्वी' असं उमटलं, पण लोड बॅलन्सरच्या प्रोग्रामने सुरू होताना वाचलेलं जुनंच सर्टिफिकेट मेमरीत धरून ठेवलंय, हा या क्षेत्रातला नेहमीचा घोळ. त्याला नवी फाइल वाचायला कोणी सांगितलंच नाही! कधी तीनपैकी दोन प्रदेशांत नवं पोचतं, तिसऱ्यात जुनंच राहतं, आणि तक्रारी फक्त त्या भागातून येतात. कधी सर्टिफिकेट बरोबर असतं, पण त्याला मूळ संस्थेशी जोडणारं मधलं सर्टिफिकेट सोबत पाठवलं जात नाही. बरेच ब्राउझर ती उणीव स्वतःच भरून काढतात, म्हणून तपासणाऱ्याला सगळं हिरवं दिसतं आणि मोबाइल अ‍ॅप मात्र बंद पडतात. एखाद्या अ‍ॅपने जुन्याच कीवर भरवसा घट्ट बांधून ठेवला असेल, तर नव्या कीसकट झालेलं निर्दोष नूतनीकरणसुद्धा त्याला परकं वाटतं.

अशा विसरण्याची किंमत मोठी असते. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या मोबाइल नेटवर्क सॉफ्टवेअरमधलं एक सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनच्या ओटू या मोबाइल कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट बंद पडलं. जपानमध्ये सॉफ्टबँकचीही तीच गत झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास अडलं, कारण तेच. मला यापेक्षा इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीची गोष्ट जास्त बोलकी वाटते. तिथे आतली वाहतूक उलगडून तपासणाऱ्या उपकरणावरचं सर्टिफिकेट कित्येक महिने संपलेलं होतं. पण त्यामुळे काही बंद पडलं नाही. वाहतूक न तपासताच पुढे जात राहिली. २९ जुलै २०१७ रोजी सर्टिफिकेट बदललं आणि लगेच संशयास्पद हालचाल नजरेस आली. तोवर माहिती चोरणाऱ्यांना आत शिरून अडीच महिने झाले होते.

त्यामुळे पहारा बाहेरून हवा. रिन्यू करणाऱ्या प्रोग्रामचा लॉग वाचणं म्हणजे ज्याने काम केलं त्यालाच 'झालं का?' म्हणून विचारणं. त्याऐवजी एका स्वतंत्र ठिकाणाहून, ग्राहक येतो तसंच यायचं. नावामागे असलेल्या प्रत्येक आयपी पत्त्यावर जोडणी करायची, समोर आलेल्या सर्टिफिकेटचा अनुक्रमांक वाचायचा आणि नुकत्याच मिळालेल्या सर्टिफिकेटशी ताडून बघायचा. एकाच लोड बॅलन्सरवर अनेक नावं असतात, म्हणून जोडणी करताना कोणतं नाव हवं तेही सांगायचं; नाहीतर तो दुसरंच सर्टिफिकेट पुढे करतो.

इशाऱ्याची वेळही बदलावी लागते. 'संपायला सात दिवस उरले की ईमेल' हा वर्षभराच्या सर्टिफिकेटांच्या काळातला शिरस्ता. नेहमीच्या रिवाजानुसार एक तृतीयांश मुदत उरली असताना रिन्यू होतं, म्हणजे ४७ दिवसांच्या सर्टिफिकेटचं साधारण १६ दिवस उरलेले असताना. मग १३ दिवस उरले आणि अजून जुनंच दिसतंय, तर काहीतरी अडलंय हे तेव्हाच कळायला हवं. अनेकांचा पहारा म्हणजे लेट्स एन्क्रिप्टकडून येणारं आठवणीचं ईमेल, एवढाच होता. जून २०२५ मध्ये संस्थेने ती ईमेलंही थांबवली.

आणखी एक प्रसंग 'इतके दिवस उरले की रिन्यू' या साध्या नियमात बसत नाही. मार्च २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्टला स्वतःच्या तपासणीतल्या एका दोषामुळे सुमारे ३० लाख सर्टिफिकेटं रद्द करण्याची घोषणा करावी लागली, तीही काही दिवसांच्या सूचनेवर. ज्यांची मुदत भरपूर शिल्लक होती, त्यांचे प्रोग्राम निवांत झोपलेले. या अनुभवाला उत्तर म्हणून अ‍ॅक्मीला एआरआय ही जोड मिळाली आणि २०२५ मध्ये ती आरएफसी ९७७३ झाली. आता कधी रिन्यू करायचं हे प्रोग्राम स्वतः ठरवत नाही, संस्थेला विचारतो. एरवी ती मुदतीच्या शेवटाकडचा कालखंड सांगते. गडबड झाली तर उलटून गेलेली वेळ सांगते आणि प्रोग्राम ताबडतोब कामाला लागतो. अर्थात त्याने दिवसातून दोन-चारदा विचारायला हवं. महिन्याच्या एक तारखेलाच जागी होणारी स्क्रिप्ट इथे कामाची नाही.

उलट टोकाला, अपयश आलं की लगेच पुन्हा प्रयत्न करत सुटणारी स्क्रिप्टही घातक. लेट्स एन्क्रिप्ट नेमक्या त्याच नावांसाठी आठवड्यात पाचच सर्टिफिकेटं देते. मिळालेली फाइल जपून न ठेवता दर वेळी नवी मागणारा कंटेनर (प्रत्येकदा कोऱ्या अवस्थेत सुरू होणारा प्रोग्रामचा डबा) सकाळभरात ती मर्यादा संपवतो आणि मग खरोखर हवं असतं तेव्हा दार बंद असतं. त्यासाठी संस्थेची वेगळी चाचणी-सेवा आहे. प्रयोग तिथे करावेत.

लेट्स एन्क्रिप्ट आता १६० तासांचीही सर्टिफिकेटं देते, म्हणजे सात दिवसांनाही थोडी कमी. तिथे डीएनएसची नोंद करणारं टोकन शुक्रवारी रात्री निकामी झालं, तर सोमवारी बघू म्हणायची सोय उरत नाही. आणि गंमत म्हणजे, त्या टोकनलाही बहुतेकदा स्वतःची मुदत असते, ती कोणीतरी वर्षापूर्वी हाताने भरलेली असते, आणि तिच्यावर अजून कोणाचाच पहारा नसतो.