डेस्कटॉप संगणकाचे बायोस सेटिंग

मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बायोस नावाच्या मूळ प्रोग्राममध्ये, शिरून संगणकाचे घड्याळ, बूटचा (यंत्र सुरू होण्याचा) क्रम, डिस्कची पद्धत, रॅमचा वेग, विजेच्या मर्यादा आणि पंखे ठरवून देण्याच्या कामाला बायोस सेटिंग म्हणतात. हे फर्मवेअर बोर्डवरच्या आठ पायांच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असते. सध्याच्या बोर्डांवर तिची क्षमता बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइट असते. बटण दाबल्यावर रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क जागी करून विंडोज किंवा लिनक्सच्या हाती यंत्र सोपवणे हे त्याचे काम. घरगुती वापरात यातली पाच-सहा सेटिंग्जच खरोखर उपयोगाची असतात. बाकीची 'ऑटो'वर ठेवलेली बरी.

१९८१ च्या आयबीएम पीसीत सेटिंगचा पडदाच नव्हता. फ्लॉपी ड्राइव्ह किती, रॅम किती, डिस्प्ले कोणता हे बोर्डवरच्या बारीक खटक्यांनी सांगावे लागे. १९८४ च्या पीसी/एटीमध्ये मोटोरोलाची घड्याळाची चिप आली. तिच्यात ६४ बाइट मेमरी होती, त्यातले १४ बाइट घड्याळाला आणि ५० सेटिंगला. वीज बंद असताना ही मेमरी बॅटरीवर टिके. पुढे इंटेलने इटानियम प्रोसेसरसाठी केलेल्या कामातून यूईएफआय हे नवे मानक तयार झाले आणि २००५ पासून ते यूईएफआय फोरमकडे आहे. आजचे डेस्कटॉप यूईएफआयवरच चालतात, पण दुकानात आणि घरात त्याला बायोसच म्हणतात. या नोंदीतही तेच नाव वापरले आहे.

आत जाणे. यंत्र सुरू होताच, विंडोजचे चिन्ह येण्याआधी, ठरलेली कळ भराभर दाबत राहायची. एसुस, गिगाबाइट, एमएसआय आणि एएसरॉक यांच्या बोर्डांवर ती डिलीट असते. डेलच्या तयार संगणकावर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोच्या डेस्कटॉपवर एफ१. पेनड्राइव्हवरून एकदाच बूट करायचे असेल तर सेटिंगला हात लावण्याची गरज नाही. बूट मेनूची कळ निराळी असते : एसुसवर एफ८, एमएसआय व एएसरॉकवर एफ११, गिगाबाइट व डेलवर एफ१२, एचपीवर एफ९. कळ दाबूनही काही घडत नसेल तर बहुधा बायोसमधले 'फास्ट बूट' चालू असते आणि यूएसबी कीबोर्ड जागा होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ब्लूटूथ कीबोर्ड या टप्प्यावर सहसा चालत नाही. अशा वेळी विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करावे, मग 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' या वाटेने आत जावे. हा शेवटचा पर्याय दिसतच नसेल तर विंडोज बहुधा जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेले आहे, हेही त्यातून कळते.

पहिला पडदा सोपा, चित्रांचा असतो. सगळी सेटिंग्ज एसुस व एमएसआयवर एफ७ने, गिगाबाइटवर एफ२ने उघडतात. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढावा. एका वेळी एकच सेटिंग बदलावे, एफ१०ने साठवावे, विंडोजपर्यंत जाऊन पाहावे आणि मगच पुढचे घ्यावे. एफ१० दाबल्यावर काय-काय बदलले त्याची यादी बहुतेक बोर्ड दाखवतात. ती वाचल्याशिवाय 'ओके' म्हणू नये. चुकून दुसऱ्याच ओळीवर एंटर पडला असेल तर तो तिथेच सापडतो. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल तर आधी विंडोजमधून ते 'सस्पेंड' करावे आणि ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवावी. सिक्युअर बूट (फक्त खात्रीचे प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) किंवा टीपीएम (गुप्त किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग) बदलल्यावर यंत्र ती की मागू शकते, आणि की नसेल तर डिस्कवरचा डेटा परत मिळत नाही.

बूट मोड. सर्वांत जास्त यंत्रे इथे अडकतात. सीएसएम ही यूईएफआयमधली जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय आहे. विंडोज लेगसी पद्धतीने टाकलेले असेल तर डिस्क एमबीआर पद्धतीची असते, यूईएफआयने टाकलेले असेल तर जीपीटी. डिस्कचे भाग कसे पाडले आहेत याची नोंद ठेवण्याच्या या दोन पद्धती. दोन्हींची सांगड जुळली नाही की 'नो बूट डिव्हाइस'चा संदेश येतो किंवा यंत्र पुन्हा पुन्हा बायोसमध्येच येऊन थांबते. विंडोज ११ साठी सिक्युअर बूट हवे म्हणून कोणी सीएसएम बंद करते आणि सकाळपर्यंत नीट चालणारे मशीन बूट होईनासे होते. डिस्क बिघडलेली नसते. सीएसएम परत चालू केले की सगळे जागेवर येते.

म्हणून कामाचा क्रम उलटा ठेवावा, आधी डिस्क आणि मग बायोस. विंडोजमधल्या 'सिस्टम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' समोर 'लेगसी' असेल तर डेटाची प्रत काढून मायक्रोसॉफ्टच्या एमबीआरटूजीपीटी या साधनाने आधी फक्त पडताळणी करावी आणि ती पार पडली तरच रूपांतर करावे. हे साधन विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येते. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या संगणकांत एक अडचण हमखास येते. एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडायची सवय आहे आणि त्यातले डी आणि ई बऱ्याचदा एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटातले लॉजिकल भाग असतात. असे भाग असलेली डिस्क हे साधन नाकारते. तेव्हा डी आणि ईमधला डेटा बाहेर काढून ते भाग पुसावे लागतात, किंवा सरळ यूईएफआयने नव्याने विंडोज टाकावे लागते. सीएसएम बंद करण्याआधी ग्राफिक्स कार्डही पाहावे. २०१२ च्या आगेमागच्या अनेक कार्डांत यूईएफआयला लागणारा ग्राफिक्सचा भाग नसतो. अशा कार्डावर सीएसएम बंद केले की मशीन ऑन होते, पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही.

डिस्कची पद्धत. डिस्क जोडणारा साटा कंट्रोलर आयडीई (जुनी), एएचसीआय (नवी) किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणारी) यांपैकी एका पद्धतीवर असतो. एसएसडीला एएचसीआय हवे. पण विंडोज आयडीई किंवा रेडवर टाकलेले असताना पद्धत बदलली तर निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येते, कारण नव्या पद्धतीचा ड्रायव्हर बूटच्या वेळी तयार नसतो. उपाय सोपा आहे. विंडोजच्या 'सिस्टम कॉन्फिगरेशन'मध्ये 'सेफ बूट'ला खूण करावी, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडावे, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्यावे आणि मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करावे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही यंत्रांत व्हीएमडी नावाचे, डिस्कचा ताबा इंटेलच्या कंट्रोलरकडे देणारे सेटिंग चालू असते. त्यामुळे विंडोज टाकताना एनव्हीएमई डिस्क (वेगवान प्रकारची एसएसडी) यादीत दिसतच नाही. नव्या यंत्रावर व्हीएमडी बंद करून विंडोज टाकावे. आधीच विंडोज असलेल्या यंत्रावर मात्र ते तसेच राहू द्यावे.

रॅम. ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम लावली तरी टास्क मॅनेजरमध्ये २१३३, २४०० किंवा २६६६ दिसते. रॅम नकली नाही. बोर्ड ती मानक वेगावर आणि १.२ व्होल्टवर सुरू करतो. पाकिटावरचा वेग हा रॅमच्या चिपमध्ये नोंदवलेला वेगळा प्रोफाइल असतो आणि तो हाताने चालू करावा लागतो. इंटेलच्या बोर्डावर त्याला एक्सएमपी म्हणतात, एसुसच्या जुन्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी, आणि डीडीआर५ असलेल्या एएमडी बोर्डांवर एक्सपो. प्रोफाइल निवडला की वेग, टायमिंग आणि व्होल्टेज एकदम बदलतात. ३२०० च्या डीडीआर४ साठी व्होल्टेज सहसा १.३५ होते. पैसे न खर्चता मिळणारा हा सर्वांत मोठा फायदा आहे. इतर काही बदलले नाही तरी एवढे जरूर करावे.

आधी पट्ट्यांच्या जागा पाहाव्यात. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. पहिल्या आणि दुसऱ्यात बसवल्या तर ड्युअल चॅनल (दोन वाटांनी एकदम डेटा नेण्याची सोय) मिळत नाही. प्रोफाइल चालू केल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रामची पूर्ण फेरी चालवावी. एकही चूक दिसली तर वेग एक पायरी खाली आणावा, म्हणजे ३६०० च्या जागी ३४६६ किंवा ३२००. चुकणाऱ्या रॅमवर विंडोज चालते, पण फाइली हळूहळू खराब होतात आणि महिन्याभराने दोष एसएसडीवर ढकलला जातो. चार पट्ट्यांवर, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या एकत्र केल्यावर, पूर्ण वेग न मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

डीडीआर५च्या यंत्रावर पहिल्यांदा सुरू करताना किंवा प्रोफाइल बदलल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमची जुळणी करत असतो, ज्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. 'डिस्प्ले येत नाही' म्हणून मध्येच स्विच बंद केला की सगळे पहिल्यापासून सुरू होते. बोर्डवरच्या, रॅमचे काम दाखवणाऱ्या डीरॅम दिव्याकडे पाहत दहा-पंधरा मिनिटे वाट पाहावी.

विजेच्या मर्यादा. बोर्ड कंपनीने 'ऑटो'मध्ये काय भरले आहे हे मात्र तपासून घ्यावे. इंटेल कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची मूळ मर्यादा १२५ वॉट आणि टर्बोची २५३ वॉट. तरीही अनेक बोर्डांवर ती ४०९६ वॉट, म्हणजे जवळपास अमर्याद ठेवलेली असे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर अस्थिर होऊ लागल्यावर इंटेलने २०२४ मध्ये 'इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज' वापरण्यास सांगितले आणि त्या वर्षी ऑगस्टपासून जादा व्होल्टेज रोखणारे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) बायोसमधून दिले. आधीच झालेली इजा या अपडेटने भरून निघत नाही, म्हणून या पिढ्यांच्या यंत्रावर ते आधी टाकावे आणि बाकीचे नंतर. एएमडीच्या बाजूला २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर जळाले. त्यानंतरच्या बायोसमध्ये एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा आली. अशा यंत्रावर एक्सपो चालू करण्याआधी बायोस त्यानंतरचे आहे ना, ते पाहावे.

टीपीएम, सिक्युअर बूट, व्हर्च्युअलायझेशन. विंडोज ११ ला लागणारे टीपीएम २.० बहुतेकदा प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच असते, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने. वेगळी चिप विकत घ्यायची गरज क्वचितच पडते. व्हर्च्युअल मशीन, अँड्रॉइड एम्युलेटर किंवा डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) चालवायचे तर इंटेलवर व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एसव्हीएम मोड चालू करावा. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'व्हर्च्युअलायझेशन'समोर 'एनेबल्ड' दिसले की काम झाले.

घड्याळ आणि सेल. बोर्डवरचा सेल सीआर२०३२ जातीचा, ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा. तो उतरला की तारीख काही वर्षे मागे जाते, आणि मग ब्राउझर बँकेचे संकेतस्थळ असुरक्षित म्हणून नाकारतो. त्या जुन्या तारखेला संकेतस्थळाचे प्रमाणपत्र लागूच झालेले नसते. इंटरनेट बिघडले असे समजून राउटर बदलण्याआधी कोपऱ्यातली तारीख पाहावी. मल्टिमीटरवर सेल २.७ व्होल्टच्या खाली दिसला तर बदलावा.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या यंत्रात विंडोजचे घड्याळ भारतात बरोबर साडेपाच तास मागे पडते. लिनक्स बोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतो. सेल बदलून हे सुटत नाही. लिनक्सला टाइमडेटसीटीएल आज्ञेने स्थानिक वेळ वापरायला सांगावे.

वीज गेल्यावर. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' या नावाचे सेटिंग वीज परत आल्यावर यंत्राने काय करावे हे ठरवते. कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणाऱ्या किंवा दुकानात सर्व्हर म्हणून चालणाऱ्या संगणकाला 'पॉवर ऑन' योग्य. भारनियमनाच्या गावात, यूपीएस नसलेल्या घरच्या यंत्राला 'पॉवर ऑफ'च ठेवावे, कारण वीज येते तेव्हा ती दोन-तीनदा ये-जा करते आणि दर वेळी अर्धवट बूट होऊन फाइल सिस्टम खराब होऊ शकते. नेटवर्कवरून यंत्र जागे करायचे असेल तर 'ईआरपी' हे वीजबचतीचे सेटिंग बंद हवे. ते चालू असताना नेटवर्क कार्डाचा राखीव वीजपुरवठाच तुटतो.

पंख्यांसाठी चार पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम आणि तीन पिनांच्या पंख्याला डीसी पद्धत निवडावी. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर ठेवला तर तो कायम पूर्ण वेगाने घोंगावतो. 'सीपीयू फॅन एरर' आल्यास कूलरची वायर सीपीयू फॅनच्याच खाचेत आहे का ते आधी पाहावे.

सगळे मूळपदावर आणणे. चुकीच्या सेटिंगनंतर डिस्प्ले येत नसेल तर प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरून उरलेला विद्युतभार घालवावा आणि बोर्डवरच्या सीमॉस क्लिअरच्या (सेटिंगची मेमरी पुसण्याच्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ५ ते १० सेकंद जोडाव्यात. पिना सापडत नसतील तर सेल काढून पाच मिनिटे थांबावे. प्लग लावलेला असताना हे करू नये. यानंतर सीएसएम, साटा आणि व्हीएमडी यांची मूळ सेटिंग्ज परत येतात, त्यामुळे विंडोज बूट झाले नाही तर घाबरण्याआधी सुरुवातीला काढलेले फोटो उघडावेत.

बायोस अपडेट. नवा प्रोसेसर, सुरक्षेतली त्रुटी किंवा वर सांगितल्यासारखा दोष असे कारण असेल तरच करावे. बोर्डच्या नावासोबत छापलेला आवृत्ती क्रमांकही जुळवावा, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांची फाइल वेगळी असू शकते. फाइल एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवून बायोसमधल्याच साधनाने टाकावी. यंत्र यूपीएसवर असावे आणि रॅमचा प्रोफाइल आधी बंद केलेला असावा. मध्येच वीज गेली तर फ्लॅशबॅकचे (पेनड्राइव्हवरून बायोस परत लिहिण्याचे) बटण असलेल्या बोर्डावर पुन्हा प्रयत्न करता येतो. तिथे फाइलचे नाव कंपनीने सांगितले तेच हवे, एमएसआयवर 'एमएसआय डॉट रॉम' आणि गिगाबाइटवर 'गिगाबाइट डॉट बिन'. नाव चुकले की दिवा थोडा लुकलुकून विझतो आणि काहीच घडत नाही. असे बटण नसेल तर प्रोग्रामरची क्लिप लावून चिप बाहेरून लिहावी लागते, आणि ते काम दुरुस्तीवाल्याकडे द्यावे. अपडेटनंतर सेटिंग्ज मूळपदावर गेलेली असतात. एक्सएमपी, एसव्हीएम आणि पंख्यांची मांडणी पुन्हा करावी लागते.