बाळाच्या लिव्हरला साखर बनवायला जमतं कधी?

भाची जन्मली तेव्हा दर तीन तासांनी टाचेला टोचून तिची शुगर बघत होते, कारण ताईला प्रेग्नन्सीत डायबेटिस निघालेला. आजीचं आपलं एकच, तान्ह्या पोरीला कसली आलीय शुगर, मध चाटवा नि मोकळे व्हा! (मध चाटवू नका हो, वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषबाधेचा धोका असतो.) पण या टोचाटोचीमागची गोष्ट चांगली दीड-पावणेदोनशे वर्षांची आहे.

सुरुवात पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार्ड या शरीरशास्त्रज्ञापासून. 1848 पर्यंत सगळे धरून चालायचे की प्राण्याच्या रक्तातली साखर खाण्यातूनच येते, याने दाखवलं की लिव्हर स्वतः साखर सोडतं. 1855 चा प्रयोग तर भारीच, कुत्र्याचं लिव्हर काढलं, शिरेतून पाणी सोडून साखरेचा अंश राहणार नाही इतकं धुतलं, तसंच ठेवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यात परत साखर! साठवलेल्या ग्लायकोजेनमधून (साखरेची साखळी करून ठेवलेला साठा) आलेली. मग 1859 मध्ये त्याने लिहिलं की गर्भाचं लिव्हर कामाला लागायच्या आधी हे ग्लायकोजेन वारेत (प्लासेंटात) आणि गर्भाच्या इतर टिश्यूंमध्ये सापडतं. म्हणजे पोटातलं लिव्हर आणि जन्मानंतरचं लिव्हर एकसारखं वागत नाही, हे तेव्हाच कळलेलं.

पण साठा मोडणं वेगळं आणि नवीन साखर बनवणं वेगळं. पोटात बाळाला बनवायची गरजच नसते, आईच्या रक्तातून वारेवाटे चोवीस तास सप्लाय चालू. नाळ कापली की तो एका क्षणात बंद, दूध नीट यायला दोन-तीन दिवस, आणि मेंदू तर थांबायला तयार नाही. लिव्हरमधला साठा पुरून पुरून दहा-बारा तास पुरणार. मग पुढे काय?

याचं उत्तर उंदरांच्या पिल्लांनी दिलं. कार्ल आणि गर्टी कोरी यांनी 1929 मध्येच दाखवलेलं की स्नायूतलं लॅक्टेट (साखर वापरल्यावर उरणारा पदार्थ) लिव्हरमध्ये जाऊन परत ग्लुकोज होतं, पुढच्या तीसेक वर्षांत त्या वाटेवरची एन्झाइम्सही (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) सापडत गेली. मग 1967 मध्ये बॅलार्ड आणि हॅन्सन यांनी गर्भातल्या उंदराच्या लिव्हरमध्ये ती मोजली. बाकीची थोडीफार असतात पण पेपसीके (PEPCK) नावाचं एक एन्झाइम पेशीच्या सायटोसोलमध्ये, म्हणजे आतल्या द्रवात, जवळजवळ नसतंच, आणि जन्मानंतर काही तासांत धडाधड वाढतं. सगळं किचन लावून तयार, फक्त गॅस पेटवायचा राहिलेला.

पेटवतं कोण? 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात युंग आणि ऑलिव्हर यांनी पोटातल्या पिल्लांनाच ग्लुकागॉन (शुगर वाढवणारं, इन्सुलिनच्या उलट काम करणारं हार्मोन) टोचलं तर एन्झाइम वेळेआधीच आलं, आणि इन्सुलिनने दबलं. म्हणजे नाळ तुटली, शुगर पडली, इन्सुलिन खाली, ग्लुकागॉन वर आणि लिव्हर सुरू. जन्मानंतर तासा-दोन तासांत बाळाची शुगर खाली जाते ती बिघाड म्हणून नाही, तोच तर सिग्नल! मला हे कळलं तेव्हा थक्कच झालो.

पुढे सत्तरच्या दशकात फ्रान्समध्ये जिरार आणि मंडळींनी अजून एक गंमत दाखवली, पिल्लांना उपाशी ठेवलं की शुगर पडते आणि नुसतं फॅट दिलं की वर येते. फॅटची काय साखर होत नाही, पण ते जळल्याशिवाय लिव्हरला साखर बनवायची ताकद येत नाही. दुधात एवढं फॅट असतं ते उगाच नाही.

अर्थात माणूस म्हणजे उंदीर नाही, आपल्यात पेपसीकेचा बराच भाग मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात) असतो त्यामुळे उंदराचे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. माणसाच्या बाळात 1970 च्या दशकात ग्लुकोजला किरणोत्सर्ग न करणारा खुणेचा अणू लावून लिव्हर किती साखर सोडतं ते मोजलं तेव्हा मिनिटाला किलोमागे 4 ते 6 मिलिग्रॅम असा आकडा आला. तीन किलोच्या बाळाला दिवसाला वीसेक ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे साखर झाली की!

आता ताईची भानगड. आईची शुगर जास्त असली की पोटातलं बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवून बसतं, नाळ कापली तरी ते लगेच उतरत नाही आणि गॅस पेटायलाच देत नाही. म्हणून ती टोचाटोची. भाचीचं दुसऱ्या दिवशी बंद झालं, आजी मात्र अजून म्हणते मध चाटवला असता तर एकदाही टोचावं लागलं नसतं.